घड्याळजींच्या होडीचा कान

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. डब्याच्या झाकणाएवढा माझा आकार. रंग एके काळी पांढरा शुभ्र होता, आता जुन्या दातासारखा झाला आहे.

समुद्रावरची मोठी जहाजे सारखी बोलत असतात, हे तुम्हाला माहीत आहे का? त्यांचे बोलणे तुमच्या-माझ्या कानांना ऐकू येत नाही. प्रत्येक जहाज थोड्या थोड्या वेळाने रेडिओच्या लहरींवरून सांगत असते, 'माझे नाव अमुक, मी या ठिकाणी आहे, या दिशेला निघालो आहे, वेग इतका आहे.' एरियल ते बोलणे पकडतो, केबलमधून माझ्याकडे पाठवतो आणि मी ते स्क्रीनवर एका छोट्या त्रिकोणाच्या रूपात दाखवतो. होडीतल्या माणसाला कळते, कोण येत आहे आणि कुठून. एवढेच माझे काम. मला कान आहेत, तोंड नाही. घरात एखादा मनुष्य सगळ्यांचे सगळे ऐकून घेतो आणि स्वतः चकार शब्द काढत नाही, तसा मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका चष्मेवाल्या बाईने माझ्या पोटातल्या पट्ट्या बसवल्या, झाकण लावले आणि मला एका खोट्याच जहाजाचे नाव ऐकवून पाहिले. मी ते बरोबर दाखवले. "शहाणा आहे," ती म्हणाली आणि मला खोक्यात घातले. रोज असे कितीतरी जण तिच्या हातांखालून जात असतील. पण पहिले कौतुक कोण विसरतो?

तिथून मी बंदराजवळच्या एका दुकानात आलो. दोर, कप्प्या, कंदील आणि लाइफ जॅकेटे यांच्या गर्दीत काचेच्या कपाटात बसलो. माझ्या शेजारच्या खोक्यात माझा थोरला भाऊ होता. तो जहाजांचे ऐकायचा आणि आपल्या होडीचे नाव-गाव त्यांना सांगायचासुद्धा. त्यामुळे त्याचा तोरा काही विचारू नका.

एके दिवशी दुकानात बाप-लेक आले. बापाला सगळे गाव घड्याळजी म्हणत असे. जन्मभर त्यांनी एका गल्लीतल्या लहानशा दुकानात घड्याळे दुरुस्त केली होती. घड्याळ हातात आले की ते आधी कानाला लावत, डोळे मिटत आणि आत काय दुखते आहे ते झाकण न उघडता सांगत. आता दुकान बंद झाले होते आणि कानही जवळजवळ बंद झाले होते. दुकान बंद झाल्याचे ते सर्वांना सांगत, कानांबद्दल मात्र ब्र काढत नसत. "हल्ली लोक फार पुटपुटतात," अशी त्यांची उलट तक्रार असे.

लेक शाळेची बस चालवायची. मागे पन्नास पोरांचा कल्ला आणि वडील असे, त्यामुळे तिचा आवाज मुळातच टिपेला गेलेला. घड्याळजींची एक छोटी शिडाची होडी होती. तिचे नाव त्यांनी ठेवले होते टिकटिक. बायको गेल्यावर त्यांचा जीव रमायचा तो या होडीतच. पण मागच्या आठवड्यात बंदरातल्या पहारेकऱ्याने लेकीला गाठून सांगितले होते, "तुझ्या बाबांच्या मागे जहाज भोंगा वाजवून वाजवून थकलं. त्यांनी मान वळवून बघितलं पण नाही." त्या दिवसापासून लेकीने एकच धोशा लावला. एकतर होडीवर यंत्र बसवा, नाहीतर होडी विका.

दुकानदारीणबाईने आम्हा दोघा भावांना टेबलावर मांडले.

"हा नुसता ऐकतो. आणि हा ऐकतोही, बोलतोही. म्हणजे जहाजांना पण त्यांच्या स्क्रीनवर तुमची होडी दिसेल."

"मग बोलणाराच घेऊ," लेक म्हणाली.

घड्याळजी तिच्या ओठांकडे बघत होते. "मला ऐकणारा पुरे. मला जहाजं दिसली की झालं. मी कुठं आहे ते जगाला कशाला सांगत सुटू?"

"बाबा, बस चालवताना नुसता आरसा असून भागतं का? इंडिकेटर पण द्यावा लागतो."

"माझ्या होडीमागे कोण रांग लावून उभं आहे? आणि तू घरी बसून मोबाइलवर बघत राहणार, बाप कुठं पोचला, कुठं थांबला. गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तसलं काही मला नको."

हट्टापुढे शहाणपण चालत नाही, हे लेकीला ठाऊक होते. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे तिने मनाशी म्हटले असावे. घड्याळजींनी मला उचलले आणि सरळ कानाला लावले.

"काका, त्याच्यातून आवाज येत नाही," दुकानदारीणबाई हसून म्हणाली.

"असू दे," लेक हळूच म्हणाली. "त्यांची सवय आहे."

त्या कानाला काही ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळले नाही. मला एवढेच वाटले, की हा मनुष्य आपल्याला विचारून घेतो आहे.

मग एरियलची पाळी आली. "एरियल जितका उंच, तितकं लांबचं ऐकू येतं. डोलकाठीच्या टोकाला लावला तर उत्तम," दुकानदारीणबाई म्हणाली.

"डोलकाठीवर चढायला आता माकड शोधू का? तिथं रेडिओचा एरियल आहेच की. त्यालाच याची वायर जोडून टाकतो."

"तसं करू नका हं काका. त्याला मधे वेगळी पेटी लागते. नुसतीच वायर जोडलीत आणि तुम्ही रेडिओवर बोलायला गेलात, तर याचे कान कायमचे जातील."

मी खोक्यात अंग चोरून बसलो. शेवटी ठरले, की होडीच्या मागच्या कठड्यावर माझा स्वतःचा छोटा एरियल लावायचा. फार लांबचे ऐकू आले नसते, पण घड्याळजींच्या फेऱ्याही काही सातासमुद्रापार नव्हत्या. शिवाय वाऱ्याने डोलकाठी मोडलीच, तरी हा एरियल शाबूत राहणार होता. केबल मात्र बाईने चांगली जाड दिली आणि निघताना हातावर रबरी पट्टीचे एक काळे वेटोळे ठेवले.

"बाकी कशात काटकसर करा, पण उघड्यावरच्या जोडावर ही पट्टी ताणून, घट्ट गुंडाळा. खारं पाणी एकदा आत शिरलं की हा बहिरा होतो. आणि बहिरा झालाय हे तो सांगत नाही."

हे शेवटचे वाक्य घड्याळजींना ऐकू आले नाही. ते तेव्हा केबलचे टोक न्याहाळत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला होडीत बसवले. काय ते हात होते, मित्रांनो. एरियल आणि केबल यांचा जोड त्यांनी डोळ्याला भिंग लावून केला. तांब्याची एकेक तार सरळ केली, कथिलाचा डाग असा दिला की जणू दागिनाच घडवला. मग त्यांनी रबरी पट्टी हातात घेतली, जोडाकडे पाहिले, पुन्हा पट्टीकडे पाहिले. इतके देखणे काम त्या काळ्या ओबडधोबड रबराखाली गाडून टाकायला त्यांचा हात धजेना. त्यांनी वरून साध्या चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि रबरी पट्टी पिशवीत तशीच राहिली.

माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. मी होडीच्या छोट्या खोलीत होतो आणि स्क्रीन दाराशी, सुकाणूपाशी बसल्या बसल्या दिसेल अशी. खरे तर जहाज फार जवळ आले की स्क्रीन चिवचिव असा बारीक आवाज करते. तो त्यांना कधीच ऐकू आला नाही. पण त्यांची नजर माझ्यावरून हटत नसे. "हा बघ, कोळशाचा आला," "ही बाई आज उशिरा निघाली," असे ते प्रत्येक त्रिकोणाशी बोलत. माझे नाव त्यांनी कानूभाऊ ठेवले. माझ्याशी ते दिवसभर गप्पा मारत, कारण मी उत्तर देत नसे आणि उत्तर ऐकू न येण्याची पंचाईतही नसे. दुकानातल्या गमती, लेक लहानपणी घड्याळाचा काटा गिळून बसली होती ती धांदल, बायकोची आठवण, सगळे मला सांगून झाले. लेकीला त्यांनी यातले किती सांगितले होते, कोण जाणे.

लेकसुद्धा एकदा फेरीला आली. मी दाखवलेला त्रिकोण आणि समोरचे जहाज तिने ताडून पाहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं तू आलास. आता मला झोप लागेल," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने होडी विकण्याचा विषय काढला नाही. हे माझ्या भरवशावर, म्हणून माझी छाती फुगली होती.

पुढे काही वर्षे गेली आणि समुद्र हळूहळू शांत होऊ लागला. निदान मला तरी तसे वाटले. पूर्वी क्षितिजापलीकडची जहाजे ऐकू यायची, ती येईनाशी झाली. मग क्षितिजाअलीकडचीही विरळ झाली. मला वाटले, जहाजेच हळू बोलू लागली आहेत. आपला कान जातो आहे, असे आपल्याला वाटतच नाही, मित्रांनो. जगच पुटपुटते आहे, असे वाटते.

घड्याळजी रिकामी स्क्रीन पाहून म्हणत, "कानूभाऊ, हल्ली धंदा मंदावलेला दिसतोय जहाजांचा." आणि पाय लांब करून बसत. आम्हा दोघांची जोडी अशी जमली होती. ते मला विचारत आणि मी त्यांना सांगे, की कुणी नाही. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी, तसे चालले होते.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेक पुन्हा एकदा फेरीला आली. परतताना वारा पडला आणि बघता बघता धुके उतरले. शीड लोंबू लागले, म्हणून घड्याळजींनी इंजिन सुरू केले. बंदरात शिरायचे तर मोठ्या जहाजांची वाट आडवी ओलांडावी लागते. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिले. स्क्रीन कोरी होती.

"रस्ता मोकळा आहे. चल, पटकन ओलांडून टाकू."

होडी निघाली. थोडे पुढे गेलो आणि लेकीने मान वर केली. "बाबा, भोंगा वाजला."

"काय?"

"भोंगा. जहाजाचा."

त्यांनी स्क्रीनकडे बोट केले. "कुणी नाही. कानूभाऊ कधी चुकत नाही. इंजिनचा आवाज असेल."

लेकीने एकदा वडिलांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती उठली आणि किल्ली फिरवून तिने इंजिनच बंद केले. घड्याळजी रागावले. होडीवर त्यांच्या परवानगीवाचून आजवर कोणी किल्लीला हात लावला नव्हता. ते काही बोलणार, तेवढ्यात धुक्यातून तो आवाज पुन्हा आला, लांब आणि खोल. होडीच्या फळ्या थरथरल्या. घड्याळजींना तो ऐकू आला नाही. पण लेकीचा चेहरा त्यांना दिसला.

मी पाहिले, त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या वर्षांत जे त्यांनी कोणाला विचारले नव्हते, ते त्यांनी विचारले.

"तुला ऐकू येतंय?"

तिने मान डोलावली.

"कुठून?"

तिने डोळे मिटले. अगदी तसेच, जसे ते घड्याळ कानाला लावून मिटत. मग तिने उजवीकडे हात केला. भोंगा पुन्हा वाजला आणि तिचा हात तसाच राहिला. "तिकडूनच. जवळ येतंय, बाबा."

पुढचे काम घड्याळजींना येत होते. त्यांनी इंजिन सुरू केले आणि होडी गर्रकन मागे वळवून उथळ पाण्याकडे नेली, जिथे मोठे जहाज येऊच शकत नाही. तिथे ते थांबले. थोड्याच वेळात धुक्यात एक काळी भिंत उभी राहिली आणि आमच्या समोरून सरकत गेली. आम्ही आधी होतो, त्याच जागेवरून ती गेली. आणि तेव्हा कुठे, अगदी नाकासमोर आल्यावर, माझ्या कानात तिचे नाव पडले आणि मी त्रिकोण दाखवला, तशी स्क्रीन चिवचिवली. वरातीमागून घोडे. मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी ते लपवले असते.

जहाजाच्या लाटांनी होडी बराच वेळ डोलत राहिली. घड्याळजी सुकाणू धरून बसले होते. मग त्यांनी लेकीचा हात हातात घेतला.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

"माहीत आहे, बाबा."

"होडी विकून टाकू."

हेच ऐकण्यासाठी ती कधीपासून भांडत होती. पण तिने वडिलांकडे पाहिले आणि सावकाश, त्यांना ओठांवरून नीट वाचता येईल असे ती म्हणाली, "विकायची नाही. फक्त यापुढे सांगायचं. कुठं आहात ते, आणि काय होतंय ते."

त्यांनी होकार दिला. डोळे दोघांचेही भरले होते.

धक्क्याला लागल्यावर घड्याळजींनी माझ्या एरियलची चिकटपट्टी सोडवली. ती हातात सुटून आली. आत त्यांनी दागिन्यासारखा घडवलेला जोड हिरवा पडला होता. तांब्याचा बोटाखाली चुरा होत होता. लेकीने दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बाबा, गिऱ्हाइकाच्या घड्याळात पाणी गेलं की तुम्ही त्याला किती बोलायचात," लेक म्हणाली.

घड्याळजी आधी ओशाळले आणि मग दोघेही पोट धरून हसले. मला बरे वाटले. निदान दोष माझ्या कानांत नव्हता, केबलच्या तोंडाशी होता.

पुढच्या आठवड्यात ते दोघे त्याच दुकानात गेले. माझा थोरला भाऊ कधीच विकला गेला होता, पण त्याच्या जातीचा एक नवा होता. घड्याळजींनी स्वतःहून तो मागितला, ऐकणारा आणि बोलणारा. डोलकाठीच्या टोकाला नवा एरियल चढवण्यासाठी खरोखरच एक माकडासारखा चपळ कारागीर मिळाला. जोडावर रबरी पट्टी अशी गुंडाळली, की आत काय आहे याचा पत्ता लागू नये. दुकानातून परतताना बाप-लेक कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले.

आणि मी? मला घड्याळजींनी पुसले आणि घरी एका खणात ठेवले. तिथे बंद पडलेली घड्याळे होती, सुटे पट्टे होते. मी घड्याळजींवर रागावलो नाही. मी चुकलो होतो, आणि चुकलेल्याच्या हाती कोणी पुन्हा जीव देत नाही. पण त्या अंधारात एकच गोष्ट सलत असे. टिकटिकवर आता दुसरे कोणी कान देऊन बसले होते.

एका संध्याकाळी खण उघडला. हात घड्याळजींचा नव्हता, लेकीचा होता. तिने मला पिशवीत घातले आणि चढावरच्या आपल्या घरी नेले. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. खिडकीबाहेर तिने एक साधा एरियल बांधला आणि जोडावर ती जुनी, पिशवीत राहिलेली रबरी पट्टी ताणून ताणून गुंडाळली. मग मला फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवून एका छोट्या स्क्रीनला जोडले आणि चालू केले.

आधी एका जहाजाचे नाव आले. मग दुसऱ्याचे. लांबलांबची जहाजे, कितीतरी वर्षांनी. आणि मग त्या सगळ्यांच्या मधून एक बारीकसा आवाज आला. मी तो यापूर्वी कधी ऐकला नव्हता, पण नाव माझ्या ओळखीचे होते. टिकटिक. मी इथे आहे. घराकडे निघालो आहे.

मी तो त्रिकोण स्क्रीनवर ठेवला. लेकीने ओला हात पदराला... नाही, ती बस चालवणारी बाई, तिने हात पँटला पुसला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

तेव्हापासून हे माझे घर. घड्याळजी समुद्रावर असले की थोड्या थोड्या वेळाने त्यांची होडी मला सांगते, मी लेकीला सांगतो. त्यांना घंटा बांधल्यासारखे वाटते का, असे तिने एकदा विचारले होते. "वाटतं," ते म्हणाले, "पण घंटा मीच वाजवतोय." त्रिकोण बंदराच्या भिंतीच्या आत शिरला, की ती चहाचे आधण ठेवते आणि उकळी फुटेपर्यंत घड्याळजी दारात असतात.

मित्रांनो, आता माझी एक विनंती. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल, तर अधूनमधून त्याच्या जोडांवरून हात फिरवा. बिघडल्याचे आम्हाला सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कोणी म्हणत असेल, की हल्ली सगळे फार पुटपुटतात, तर त्याच्यावर हसू नका. त्याच्या समोर बसा, सावकाश बोला. तुम्हाला काय ऐकू येते, ते त्याला सांगा.

काल संध्याकाळी घड्याळजींना थोडा उशीर झाला. टिकटिक अजून बाहेर होती. लेकीने स्क्रीनकडे पाहिले, मग खिडकीतून पाहिले. मग तिने मला फळीवरून उचलले, डोळे मिटले आणि कानाला लावले. माझ्यातून आवाज येत नाही, हे तिला चांगले माहीत आहे. तरी ती तशीच उभी राहिली आणि मी आपले ऐकत राहिलो.